यादीत नसलेलं गाव : ग्रंथालयांच्या संशोधनातून दिघाशी कुठे गळते?

ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या तयारीत असाल तर हे शीर्षक तुमच्या ओळखीचं असेल : ‘अमुक जिल्ह्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचा चिकित्सक अभ्यास’. जिल्हा बदलतो, बाकी सगळं तसंच राहतं. पहिल्या प्रकरणात ग्रंथालयाच्या व्याख्या, दुसऱ्यात जिल्ह्याची भौगोलिक माहिती (पर्जन्यमान, पिकं, नद्या, आणि यातलं काहीच पुढे वापरलं जात नाही), तिसऱ्यात साहित्याचा आढावा, चौथ्यात ग्रंथपालांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीची कोष्टकं. शेवटी निष्कर्ष : अनुदान अपुरं आहे, कर्मचारी प्रशिक्षित नाहीत, संगणकीकरण व्हायला हवं.

हे निष्कर्ष खोटे नाहीत. पण प्रश्नावली छापायला टाकण्यापूर्वीच ते सगळ्यांना ठाऊक असतात, हीच तर अडचण आहे. असे प्रबंध वाचताना मला जास्त खटकतो तो शीर्षकातला एकच शब्द, ‘शासनमान्य’. नमुना कुठून घेतला, तर ग्रंथालय संचालनालयाच्या यादीतून. ती यादी अधिकृत आहे, हाताशी आहे, आणि मार्गदर्शकही तीच घ्यायला सांगतात. पण यादी हातात घेतली त्या क्षणी तुमच्या अभ्यासातून काहीतरी गळतं. काय गळतं हे दाखवण्यासाठी मी एक गाव घेते : दिघाशी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर नाशिक महामार्गालगतची गोदामं. पण तालुक्याचा मोठा भाग ग्रामीण आहे, भातशेतीचा आहे, आगरी-कुणबी आणि आदिवासी वस्तीचा आहे. दिघाशी या ग्रामीण भिवंडीतलं. तिथे आज एखाद्या मंडळाने, शाळेने किंवा ग्रामपंचायतीने पुस्तकांचं कपाट ठेवलं आहे का, हा या लेखाचा प्रश्न नाही. तिथे ग्रंथालय असणं हे कुणाचं काम आहे, हा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण तसं नाही. पहिल्याचं उत्तर एका फेरीत मिळतं. दुसऱ्यासाठी कायदा वाचावा लागतो, आणि तो वाचताना आपली प्रबंधांची परंपरा बरीच आळशी आहे हे लक्षात येतं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. १ मे १९६८ पासून तो लागू झाला. प्रबंधांमध्ये त्याचा उल्लेख साधारण दीड पानात उरकतात : राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या, ग्रंथालय संचालक, ग्रंथालय निधी. मग एक ठरलेलं वाक्य येतं, की या कायद्यात उपकराची तरतूद नाही. तेही खरंच आहे. १९४८ चा मद्रासचा कायदा, १९६५ चा कर्नाटकचा, १९८९ चा केरळचा, या सगळ्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर वसूल करायची सोय आहे. आपल्याकडे त्याऐवजी शासनाने ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं ठरलं. त्या काळात ही रक्कम बरी होती. आज शासन त्याच्या कितीतरी पट खर्च करतं, त्यामुळे ती तळरेषा नुसती कागदावर उरली आहे.

उपकराच्या या मुद्द्यावर आपण इतके खिळून बसलोय की कायद्याची खरी घडण नजरेतून सुटते. नावात आणि उद्देशात ‘स्थापना’ हा शब्द आहे. प्रत्यक्षात राज्य स्वतः काय चालवतं? मुंबईतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागीय ग्रंथालयं (पुण्याचं विश्रामबागवाड्यातलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल) आणि शासकीय जिल्हा ग्रंथालयं. त्याच्या खाली तालुका आणि गाव पातळीवर जवळजवळ सगळी व्यवस्था स्वयंसेवी संस्थांची. लोकांनी संस्था काढायची, नोंदणी करायची, पुस्तकं जमवायची, सभासद करायचे, जागा शोधायची. मग शासन निकष तपासून ‘मान्यता’ देणार आणि अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात बसवून परिरक्षण अनुदान देणार. १९७० च्या अनुदान नियमांचा सगळा जीव या मान्यतेत आहे.

म्हणजे गाव पातळीवर आपली व्यवस्था ग्रंथालय ‘काढत’ नाही. कुणी काढलं तर त्याला ‘ओळखते’. आता दिघाशीकडे या. तिथे सात-आठ जणांनी पुढाकार घेतला तर गाव यादीत येईल. नाही घेतला तर काय होईल? काहीच नाही. कुठल्याही कार्यालयात दिघाशीच्या नावाने रिकामी जागा नोंदवली जात नाही, कुणाचं उद्दिष्ट अपुरं राहत नाही, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. गावात शाळा नसेल तर ती त्रुटी ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब असेल तर त्याचे लोकसंख्येचे निकष आहेत, त्यावर भांडता येतं. ग्रंथालय नसेल तर ती त्रुटीसुद्धा ठरत नाही, आणि जी त्रुटी ठरत नाही तिची आकडेवारी तयार होत नाही. मग आकडेवारीवर उभा राहिलेला आपला प्रबंध तिच्याबद्दल गप्प बसतो.

बरं, ही घडण आली कुठून? इथे थोडं थांबायला हवं, कारण इतिहासाचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यात निष्काळजीपणे लिहिलं जातं.

आपल्या जुन्या ग्रंथालयांची साखळी अभिमान वाटावी अशीच आहे. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुण्याचं आजचं नगर वाचन मंदिर १८४८, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८. ठाण्याच्या संग्रहालयामागे वि. ल. भावे होते, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार. मराठी पुस्तकं एका जागी जमवायची ही कल्पनाच तेव्हा नवी होती. भिवंडी शहरातही वाचन मंदिर ही जुनी संस्था आहे. आता ही नावं नकाशावर मांडून पाहा. कचेरी, कोर्ट, सरकारी शाळा, बंदर किंवा रेल्वे जिथे पोचली तिथे वाचनालय आलं. नोकरदार, वकील, शिक्षक आणि जमीनदार यांनी ते वर्गणीवर उभं केलं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्यांच्याकडे वर्गणी, फुरसत आणि अक्षरओळख होती त्यांची ती संस्था होती.

या इतिहासाचं साधन काय, तर बहुतेक वेळा संस्थेची सुवर्णमहोत्सवी किंवा शतकमहोत्सवी स्मरणिका. स्मरणिका मला मनापासून आवडतात, पण त्या वाचायची एक पद्धत आहे. त्यात संस्थापक असतात, अध्यक्षांची परंपरा असते, इमारतीचं उद्घाटन, थोर पाहुण्यांचे अभिप्राय, देणगीदारांची यादी. नसतं काय? किती पुस्तकं खरोखर घरी गेली, कुठल्या वस्तीतून सभासद आले, बायका वाचायला कधी येऊ लागल्या, कुणाला पायरी चढता आली नाही. स्मरणिका ही संस्थेने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट असते. तिचा वापर साधन म्हणून जरूर करा, पण तिचाच मजकूर उचलून ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ असं नाव देऊ नका. संस्थेची जुनी देवघेव रजिस्टरं, सभासद नोंदवह्या, वर्गणीच्या पावत्या मागा. कपाटाच्या तळाशी असतील तर मिळतील, वाळवीने खाल्ल्या असतील तर ती गोष्टही प्रबंधात लिहा.

स्वातंत्र्याआधी याहून वेगळ्या वाटा मराठी मुलखाला माहीत नव्हत्या, असं अजिबात नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय तर झालंच, पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक, गावाने ठरलेला वाटा जमवला की उरलेला वाटा सरकारी पैशातून यायचा. दोन, फिरती ग्रंथालयं : पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या जायच्या. पहिल्या योजनेत गावाने पाऊल उचलायला हवं होतं, आजच्यासारखंच. दुसरीत ज्या गावात ग्रंथालय नाही तिथेही पुस्तक पोचवायचं काम राज्याने स्वतःकडे घेतलं होतं. आपण पहिली कल्पना पुढे नेली. दुसरी आपल्या कायद्याच्या मध्यभागी कधी आलीच नाही.

मुंबई प्रांतात १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने आ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि थेट गावापर्यंत एक उतरंड तिने सुचवली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता, देशातला पहिला. संस्थान विलीन झाल्यावर तो मागे पडला. प्रबंधांत फैजी समिती आणि कोल्हापूर यांचा उल्लेख ‘मैलाचा दगड’ म्हणून येतो आणि आपण पुढे सरकतो. खरं तर फैजींच्या उतरंडीतली शेवटची पायरी, म्हणजे गाव, १९६७ च्या कायद्यात काय रूप घेऊन आली, एवढ्या एका प्रश्नावर कुणीतरी पीएच.डी. करायला हवी. मला विचारलंत तर हा विषय आजही मोकळा आहे.

आता पैशाकडे. २०२२ मध्ये परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ झाली. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान ३०,००० चं ४८,००० झालं. हिशोब करून बघा : महिन्याला ४,०००. निम्मी रक्कम पगारावर गेली असं धरलं तर गावातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २,००० रुपये. उरलेल्या २,००० मध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, कपाटं, झाडू आणि हिशोब तपासणीची फी. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींपासून ग्रंथालय कर्मचारी वेतनश्रेणी मागत आलेत. त्यांना ती का हवी हे या दोन हजारांवरून कळतं. दिघाशीसारख्या गावात उद्या कुणी ग्रंथालय काढलं तर ते बहुधा ‘ड’ वर्गातच येणार. म्हणजे आपण गावाला सांगतोय की आधी सगळं तुम्ही उभं करा, मग गोदामातल्या हमालाच्या चार दिवसांच्या मजुरीइतका पगार आम्ही महिन्याकाठी देऊ.

आणि मान्यतेचं दार तरी कायम उघडं असतं का? २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदोपत्रीच चालणारी ग्रंथालयं होती, ती शोधणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर अनेक वर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढ थांबवून ठेवण्यात आली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पडताळणीची शिक्षा बोगस ग्रंथालयांना झाली तशीच ती अजून जन्मालाही न आलेल्या ग्रंथालयांना झाली. त्या वर्षांत ज्या गावात उत्साही पोरं होती, त्यांचा उत्साह कुठल्याच रजिस्टरात नोंदला गेलेला नाही. ‘शासनमान्य’ यादीवर उभा असलेला अभ्यास हा परिणाम मोजूच शकत नाही, कारण त्याच्या नमुन्यात फक्त आत असलेलेच आहेत.

आकडा सांगायचा तर राज्यात अनुदानित ग्रंथालयं सुमारे १२,०००, ग्रामपंचायती सुमारे २८,००० आणि गावं ४०,००० हून जास्त. पुन्हा त्या बारा हजारांतली बरीच शहरांत, आणि एकेका शहरात अनेक. प्रबंधाची पहिली ओळ ‘महाराष्ट्रात बारा हजार ग्रंथालयांचे समृद्ध जाळे आहे’ अशी असते. जाळं आहे हे खरं, पण जाळ्याची व्याख्या दोऱ्याने करायची की भोकांनी, हे संशोधकाने ठरवायचं असतं.

शेजारी बघा. कर्नाटकात पाच हजारांहून जास्त ग्रामपंचायत ग्रंथालयं आहेत, आणि काही वर्षांपूर्वी ती ग्रामविकास खात्याकडे सोपवली गेली. एकक तिथे ग्रामपंचायत आहे. एखाद्या पंचायतीत ग्रंथालय नसेल तर ते ‘नाही’ म्हणून दिसतं. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी गावांनाही हीच व्यवस्था लागू होते. तिथे मराठी पुस्तकं किती मिळतात हा वेगळा आणि टोकदार प्रश्न आहे, सीमाभागातल्या कुणीतरी तो हातात घ्यावा. केरळात चळवळ आधी झाली, पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने, आणि कायदा नंतर आला, तरी मालमत्ता करावरच्या अधिभाराचा आधार मिळाल्याने गावातलं वाचनालय टिकलं. सरकारी ग्रंथालयात सरकारी आळस येतो, पुस्तकखरेदी वरून लादली जाते, हा आक्षेप तुम्ही घ्याल. घ्यायलाच हवा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी संस्था सरकारी खात्याने उभी केली नसती, हे मलाही मान्य आहे. स्वयंसेवी संस्थांनी आपल्याकडे जे जपलं ते दुसऱ्या कुणाला जपता आलं नसतं. पण हा युक्तिवाद ठाण्यासाठी आहे. दिघाशीला तो लावला की त्याचा अर्थ होतो, ‘तुमच्याकडे भावे जन्मले नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’

शासनाला गावात पुस्तकं नेता येत नाहीत असंही नाही. ४ मे २०१७ ला सातारा जिल्ह्यातलं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली गेली, फार सुंदर कल्पना. पण ती आली मराठी भाषा विभागाकडून, राज्य मराठी विकास संस्थेमार्फत, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर. ग्रंथालय संचालनालय येतं उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली. शाळेचं ग्रंथालय शालेय शिक्षण विभागाकडे. ग्रामपंचायत ग्रामविकासकडे, आणि गंमत म्हणजे संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांत, विसाव्या क्रमांकावर ‘ग्रंथालये’ लिहिलेलंच आहे. दिघाशीच्या कुणी अर्ज करायचा ठरवलं तर चार विभागांची दारं दिसतात, आणि चारही ठिकाणी ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणता येतं.

मग संशोधक म्हणून करायचं काय? एकक बदला. ग्रंथालय हे एकक घेऊ नका, गाव घ्या. त्यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत. २०११ च्या जनगणनेच्या गाव निर्देशिकेत प्रत्येक गावापुढे सार्वजनिक ग्रंथालय, वाचनालय आणि रोजचं वर्तमानपत्र येतं का, याचे रकाने आहेत. सुविधा नसेल तर ती किती लांब आहे, पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पलीकडे, हेही दिलेलं आहे. ही निर्देशिका एका बाजूला ठेवा, संचालनालयाची तालुकानिहाय यादी दुसऱ्या बाजूला, आणि भिवंडी तालुक्यातलं एकेक गाव जुळवा. काही गावं जनगणनेत ‘आहे’ आणि संचालनालयाच्या यादीत नाहीत. ही मान्यतेबाहेरची ग्रंथालयं, बहुधा मंडळांची किंवा देवळातली. काही यादीत आहेत आणि जनगणनेत ‘नाही’. तिथे एकतर ग्रंथालय नंतर आलं, किंवा मोजणाऱ्याला ते दिसलं नाही, आणि हे दुसरं कारण जास्त बोलकं आहे. दोन्हीकडे ‘नाही’ असलेली गावं ही तुमच्या अभ्यासाची खरी सुरुवात.

काही खाचखळगे आधीच सांगते, वेळ वाचेल. २०११ ची ठाण्याची जिल्हा पुस्तिका अविभाजित जिल्ह्याची आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्यामुळे जिल्ह्याची बेरीज तशीच उचललीत तर आजच्या ठाण्याशी जुळणार नाही. रोमन लिपीतल्या गावांच्या नावांवर विसंबू नका, स्पेलिंग जागोजागी बदलतं. जनगणनेचा गाव क्रमांक वापरा. शहरालगतची काही गावं जनगणनेने शहरी ठरवली आहेत, ती गाव निर्देशिकेत सापडली नाहीत म्हणून ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहून मोकळे होऊ नका, नगर निर्देशिकेत बघा. आणि ग्रंथालयाचा पत्ता एका गावचा, वाचक तीन पाड्यांतले, असंही असतं.

राहिली प्रश्नावली. ग्रंथपालाला देण्याची सवय सोडा, कारण तुमच्या नमुन्यातल्या निम्म्या गावांत ग्रंथपालच नसेल. बारावीतल्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना विचारा : अभ्यासाला शांत जागा कुठे मिळते, चालू घडामोडींचं मासिक कुठून आणता, एकाच पुस्तकावर किती जण अभ्यास करता. शहरातल्या ग्रंथालयाचे सभासद असाल तर अनामत आणि वर्गणी किती भरलीत, शिवाय एसटी नाहीतर शेअर रिक्षाला एका फेरीत किती जातात. मुलींना आणखी एक विचारा, परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता उघडतं.